जळक्या ऑइलची भट्टी: वीस मिनिटं चालते, मग धूर ओकून विझते

वापरलेलं इंजिन ऑइल जाळून लोखंड तापवणाऱ्या लोहारकामाच्या भट्टीची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. भट्टी छान पेटली, पंधरा-वीस मिनिटं पिवळीजर्द चालली, पट्टी दोनदा तापून ऐरणीवर जाऊन आली. मग जाळ लालसर पडू लागला, तोंडातून काळा धूर निघाला, भकभक आवाज सुरू झाला आणि भट्टी विझली. कॉक थोडा फिरवला की सुधारते. दहा मिनिटांत पुन्हा तेच.

अशा वेळी हात आधी ब्लोअरकडे जातो. मोठा ब्लोअर आणला जातो, तो जाळच भट्टीबाहेर ढकलतो, आतली भिंत गार पडते आणि काळा धूर पांढरा होतो. ब्लोअरचा दोष क्वचितच असतो. बदलत असतो तो तेलाचा प्रवाह, आणि तो नुसत्या नजरेने कळत नाही. बारीक धारेत दीडपट फरक पडला तरी डोळ्याला ती तेवढीच दिसते. म्हणून काहीही उघडण्याआधी, बदलण्याआधी, तेल मोजायचं.

कोणत्या भट्टीचे आकडे

इथले सगळे आकडे एका बर्नरच्या लहान भट्टीचे आहेत. दहा इंची एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पाइपचा ३५० मिमी तुकडा, आत २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर, त्यावर १२ मिमी कास्टेबलचा (उष्णता सोसणाऱ्या सिमेंटसारख्या मिश्रणाचा) लेप. आत उरते ती साधारण १३५ मिमी व्यासाची, पाचेक लिटरची पोकळी. बाजूने तिरका शिरणारा दीड इंची हवेचा पाइप, तोंडाशी रिड्यूसर लावून एक इंचावर आणलेला. तेल डब्यातून आपल्या वजनाने खाली येतं, हवेच्या झोतात पडतं, समोरच्या तापलेल्या भिंतीवर त्याची वाफ होते आणि ती जळते. कॉम्प्रेसरवर चालणारा फवाऱ्याचा बर्नर ही वेगळी जात. त्याला यातलं निम्मंच लागू पडेल.

भट्टीच्या बाजूला जीआय पाइप वापरू नका. दुकानदार तोच आधी पुढे करतो, पण तापल्यावर त्याच्यावरच्या जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडीताप भरतो. काळा एमएस पाइप मागून घ्या.

एवढी भट्टी एकदा तापली की तिला तासाला दीड लिटर ऑइल पुरतं, म्हणजे मिनिटाला २५ मिली. ते नीट जळायला हवा लागते तासाला १८ घनमीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. लोहारकामाचा लहानातला लहान विजेचा ब्लोअरही सहसा याहून जास्त हवा देतो. म्हणूनच ब्लोअरवर पहिला संशय घेऊ नये.

एक ग्लास, एक मिनिट

मोजता यावं म्हणून तेलाची लाइन मध्ये एका जागी उघडी हवी. नीडल व्हॉल्व्हमधून (सुईच्या टोकाने धार कमी-जास्त करणारा कॉक) निघालेली धार सरळ बर्नरमध्ये न नेता छोट्या पत्र्याच्या फनेलमध्ये पडू द्या, आणि फनेलखालून तांब्याची नळी (बाहेरून १० मिमी, आतून ८) बर्नरकडे न्या. फनेल बर्नरच्या पाइपपेक्षा किमान ३०० मिमी वर हवं. खालच्या नळीला १५० मिमी खोल यू वाकण द्या. ते नसेल तर ब्लोअरची हवा उलटी वर चढते आणि फनेलमधून तेल शिंतडते. यू मध्ये उभं राहिलेलं तेल ती हवा अडवून धरतं.

आता भट्टी नीट पेटलेली असताना, भिंती लालबुंद असताना, धारेखाली चहाचा ग्लास साठ सेकंद धरा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने ते तेल मोजा आणि आकडा खडूने भिंतीवर लिहा. भट्टी बिघडू लागली, पण भिंती अजून लाल आहेत, अशा वेळी पुन्हा मोजा. ब्लोअर चालूच ठेवायचा. भिंती काळ्या पडल्या असतील तर मात्र ग्लास काढून घेऊन तेल तसंच सोडू नका. आधी भट्टी रीतसर पुन्हा पेटवावी लागते, ते पुढे येईल.

दोन आकडे शेजारी ठेवले की दोष निम्म्याहून जास्त सापडतो. समजा आधी २५ होतं. आता ४० आलं तर तेल पातळ झालं आहे. १२ आलं तर वाट अडली आहे, किंवा डब्याकडून जोर कमी झाला आहे. २५ च आलं तर लाइनला हात लावू नका, दोष बर्नरच्या तोंडाशी किंवा भट्टीच्या आत आहे.

तेल वाढलं असेल तर

हे सगळ्यांत जास्त आढळतं, आणि याचा संशय सगळ्यांत कमी लोकांना येतो. १५डब्ल्यू-४० जातीच्या इंजिन ऑइलचा दाटपणा ४० अंशाला १०५ ते ११० सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो. २० अंशाला तोच तीनशेच्या आसपास जातो, ६० अंशाला पंचेचाळीसवर उतरतो. म्हणजे सकाळच्या गारव्यात २० अंशाला कॉक लावला आणि डबा भट्टीच्या धगीने किंवा उन्हाने ६० अंशावर गेला, तर कॉकला बोट न लावता तेल सहापट धावू शकतं. किंचित उघडलेल्या नीडल व्हॉल्व्हच्या फटीत दाटपणाचाच कारभार चालतो. डबा नुसता कोमट झाला तरी २५ चे ४० व्हायला तेवढं पुरतं.

मग जाळाला हवा अपुरी पडते, धूर येतो, माणूस हवा वाढवतो, ती गार हवा भिंत गार करते, आणि न जळलेलं तेल खाली तळात साचतं.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे डबा धगीतून बाहेर काढायचा: भट्टीपासून दोन मीटर बाजूला, सावलीत, मध्ये पत्र्याचा आडोसा. भट्टीच्या बरोबर डोक्यावर डबा टांगणं तर कधीच नको. गळती झाली की ती थेट जाळावर. दुसरा उपाय म्हणजे तेल मुद्दाम आधीच गरम करून त्याच तापमानावर टिकवायचं. ऑइलचा डबा ६०-७० अंशांच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवला की तो स्थिर राहतो, आणि पाणी शंभराच्या वर जातच नसल्यामुळे तेल भलतं तापण्याची भीती नाही. तांब्याच्या नळीचे वेढे भट्टीभोवती गुंडाळून तेल तापवण्याची युक्ती दिसायला हुशारीची वाटते, पण करू नका. भट्टी जितकी तापेल तितकं तेल पातळ, तेल जितकं पातळ तितकी भट्टी जास्त तापणार; असं चक्र स्वतःहून थांबत नाही. शिवाय तेल थांबलं की वेढ्यात राहिलेलं तेल आतच जळून कोळसा होतं.

तेल कमी झालं असेल तर

आधी डब्याचं झाकण सैल करा. हसू नका, बऱ्याच वेळा एवढंच असतं. घट्ट आटे असलेलं झाकण लावलं की तेल खाली जातं तशी आत पोकळी होते आणि धार बारीक होत होत थांबते. झाकणाला ३ मिमीचं भोक पाडा आणि त्यावर बारीक जाळी लावा.

झाकण ठीक असेल तर डब्यातली पातळी बघा. धार पातळीच्या उंचीवर चालते. उभा अरुंद पाच लिटरचा कॅन दोन तासांत दहाएक सेंटीमीटर उतरतो. तो कॉकपासून जेमतेम ३०० मिमी वर असेल तर एक तृतीयांश जोर गेला. वाण्याकडचा १५ किलोच्या तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा यासाठी उत्तम. त्यातून तीन लिटर गेले तरी पातळी पाचेक सेंटीमीटरच उतरते, आडवा ठेवला तर त्याहूनही कमी. डबा कॉकपासून एक मीटर उंच ठेवलात तर हा फरक जाणवतही नाही. फ्लोट व्हॉल्व्ह लावून पातळी स्थिर ठेवता येते, पण त्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहा.

नळी बारीक असणं हे तिसरं कारण. कॉकपर्यंतची लाइन ६ मिमी आतल्या व्यासाची असेल, तर २० अंशाच्या ऑइलला मिनिटाला २५ मिली वेगाने एक मीटर नुसतं पुढे ढकलायला ४०० मिमी उंचीचा जोर खर्ची पडतो. तीच नळी १० मिमीची केली तर ५० मिमीत भागतं. व्यास थोडासा वाढला की अडथळा फार झपाट्याने घटतो, म्हणून डब्यापासून कॉकपर्यंत अर्धा इंची लाइनच टाका. ती सतत उतरती हवी. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवेचा फुगा अडकतो, आणि तो सुटेपर्यंत धार तुटक येते.

शेवटी गाळ. जळक्या ऑइलमध्ये काजळी, धातूचा चुरा, गॅस्केटचे तुकडे, कधी चिंधीचे धागेही असतात. हे सगळं नीडल व्हॉल्व्हच्या टोकाशी येऊन बसतं. ओळखायची खूण सोपी आहे: कॉक पूर्ण उघडून परत आधीच्याच खुणेवर आणला की धार पूर्ववत होते. तसं झालं तर दोष गाळाचा. ऑइल आधी जुन्या जीन्सच्या कापडातून गाळा, मग १०० मेशच्या (इंचाला शंभर छिद्रांच्या) स्टील जाळीतून. जाळी डब्याच्या तोंडाशी लावून भागत नाही. कॉकच्या आधी लाइनमध्ये उघडून साफ करता येईल असा छोटा स्ट्रेनर (गाळणी) बसवा. बॉल व्हॉल्व्हने धार कमी-जास्त करायचा प्रयत्न सोडा. अर्धवट उघडा बॉल व्हॉल्व्ह गाळ पकडतो आणि खुणेवर थांबत नाही. तो वेगळा हवाच, पण फक्त चटकन बंद करण्यासाठी, डब्याला लागून आणि भट्टीच्या तोंडासमोर न जाता हात पोचेल असा.

तेल तेवढंच आहे, तरी धूर

तेलनळीचं टोक बाहेर काढून पाहा. टोक हवेच्या पाइपच्या तोंडाबाहेर, भट्टीच्या पोकळीत डोकावत असेल तर आतून काळा, कडक, चकचकीत थर धरलेला दिसेल. तेल साडेतीनशे-चारशे अंशांच्या धातूला चिकटलं की त्याचं विघटन होऊन कोळसा उरतो. ८ मिमीचं भोक ४ मिमीचं होतं, धार वाकडी होते, भिंतीवर एकाच जागी पडते आणि तिथे कोळशाचा ढेकूळ वाढत जातो. कधी कधी हा ढेकूळ एवढा होतो की झोतच अडतो. टोक तोंडापासून ५० ते ७५ मिमी मागे, गार हवेच्या प्रवाहात ठेवा. हवा त्याला गारही ठेवते आणि थेंब फोडूनही नेते.

भट्टी पुरेशी तापण्याआधी तेल सोडणं हेही तेवढंच मोठं कारण. थंड कास्टेबलवर पडलेलं ऑइल जळत नाही, त्यात मुरतं. एलपीजीच्या बर्नरने किंवा लोणारी कोळशाने आधी दहा-पंधरा मिनिटं तापवा. सावलीत उभं राहून आतली भिंत स्पष्ट लाल दिसली की मगच तेल, तेही आधी मिनिटाला १० मिली. पाच-सात मिनिटांत हळूहळू २५ वर न्या.

कास्टेबलला तडे असतील तर ऑइल मागच्या ब्लँकेटमध्ये झिरपतं. याची खूण म्हणजे भट्टी बंद केल्यावरही पत्र्याच्या सांध्यांतून अर्धा-पाऊण तास धूर येत राहतो. तसा भाग कापून नवा भरावा लागतो. जुनं ब्लँकेट काढताना ते आधी पाण्याने ओलं करा आणि एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा. फार तापून गेलेल्या ब्लँकेटच्या धुळीत स्फटिक सिलिका तयार झालेली असते, ती फुफ्फुसाला घातक.

धूर नाही, पण उष्णता केशरीच्या पुढे जात नाही आणि पट्टीवर खवले जाड येतात, तेव्हा हवा जास्त आहे. ब्लोअरच्या तोंडावरची झडप झाकत आणा. भट्टीच्या दारातून ५० ते ७५ मिमी मऊ पिवळी जीभ बाहेर दिसली की तिथेच थांबा.

भकभक

धार नीट, तापमान नीट, तरी जाळ दर काही सेकंदांनी भक्क करून उडत असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की ते जवळपास सतराशे पट जागा मागतं, त्यामुळे एक थेंबही जाळ विझवू शकतो. तपासणी चमच्याची: स्टीलच्या चमच्यात थोडं ऑइल घेऊन, डोळ्यांना चष्मा लावून, मेणबत्तीवर धरा. तडतडलं तर पाणी आहे. फोडणीला मोहरी टाकल्यासारखा तो आवाज येतो, चुकायची सोय नाही.

पिंप आठवडाभर हलवू नका, आणि ऑइल तळापासून ५० मिमी वर बसवलेल्या कॉकमधून काढा. तळातलं पाणी तिथेच राहील. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पिंपाच्या झाकणाच्या खोबणीत पाणी साचतं आणि बूचाच्या आट्यांतून आत जातं, म्हणून पिंप किंचित तिरकं ठेवा. पाणी उडवायला ऑइल चुलीवर उकळणं मात्र टाळा. तळातलं पाणी एकदम उसळलं की पातेलंभर तेल बाहेर येतं. फनेलखालच्या यू वाकणाच्या तळालाही पाणी जमतं आणि मध्येच एक घोट पुढे ढकललं जातं. तिथे छोटा ड्रेन प्लग लावून रोज कामाआधी दोन चमचे काढून टाका.

पाण्याशिवाय भकभक येते ती थेंबांमुळे. मिनिटाला दहा मिलीच्या खाली धार तुटते, एकेक थेंब पडतो आणि एकेक स्फोटासारखा जळतो. भट्टी एवढ्या तेलावर चालवायचीच असेल तर पोकळी लहान करा, आत फायरब्रिक (उष्णता सोसणारी वीट) सरकवा.

लाइट गेल्यावर

ही गोष्ट वेगळ्या मथळ्याखाली मुद्दाम ठेवली आहे. लाइट गेली की ब्लोअर थांबतो, तेल थांबत नाही. मिनिटाला २५ मिली तेल गरम भट्टीत पडत राहतं, त्याची पांढरी वाफ आत कोंडते, आणि लाइट परत आली की ब्लोअर तीत हवा मिसळतो. पुढे काय होतं ते सांगायला नको. काळा धूर नुसता घाण करतो; पांढरा दाट धूर म्हणजे न जळलेलं इंधन, त्याच्यापासून लांब राहा.

ब्लोअरच्याच वायरवर नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज असेपर्यंतच उघडा राहणारा) लावा. तो डायरेक्ट अ‍ॅक्टिंग, शून्य दाबावर उघडणारा मागा. बरेच सोलेनॉइड पायलटवर, म्हणजे तेलाच्याच दाबाच्या मदतीने, चालतात, त्यांना उघडायला दाब लागतो, आणि एक मीटर उंचीच्या तेलाचा दाब त्यांना पुरत नाही. आतलं सील व्हायटॉनचं (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचं) असू द्या. लाइट आल्यावर सगळं आपोआप सुरू होऊ नये म्हणून स्टार्टर बटन दाबल्यावरच चालू होणारा हवा.

पुन्हा पेटवायचं असेल तेव्हा तेल बंद, ब्लोअर तीन मिनिटं चालू, मग आत आधी पेटता बोळा किंवा गॅसची ज्योत, आणि शेवटी तेल. हा क्रम कधी उलटा करू नका. बाजूला सुक्या वाळूच्या दोन बादल्या आणि एबीसी पावडरचं अग्निशामक हवं. ऑइलच्या आगीवर पाणी ओतू नका.

कोणतं ऑइल

ट्रान्सफॉर्मरचं जुनं ऑइल नको. त्यात पीसीबी (क्लोरीन असलेली विषारी रसायनं) असू शकतात आणि ते अर्धवट जळले की फार विषारी वायू होतात. ब्रेक ऑइल, थिनर, पेट्रोल मिसळलेलं काहीही नको. पेट्रोलच्या थोड्या अंशानेही ऑइल पेट घेण्याचं तापमान खाली येतं. इंजिन ऑइलच्या धुरात जड धातू आणि कर्करोगकारक संयुगं असतात, म्हणून भट्टी उघड्यावर, वस्तीपासून दूर. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. गॅरेजमधून पिंपच्या पिंप आणण्याआधी हे ध्यानात घ्या.

खरं तर या दुखण्यावर वडे-फरसाणाचं जुनं खाद्यतेल जास्त सोयीचं. ४० अंशाला त्याचा दाटपणा पस्तीस-चाळीस सेंटिस्टोकच असतो, त्यामुळे सकाळ-दुपारचा फरक खूप कमी पडतो. पेटायला ते उशीर लावतं, भिंत जास्त लाल लागते. बेसनाचा चुरा दोनदा गाळावा लागतो. पामतेल असेल तर नाशिक-नागपूरकडच्या डिसेंबरात सकाळी ते डब्यात थिजलेलं सापडेल. तिथे गरम पाण्याचं घमेलं लागणारच. आठवडाभर न वापरता लाइनमध्ये सोडलं तर त्याचा चिकट डिंक होतो.

बंद करताना

निम्मा कोळसा भट्टी बंद करतानाच धरतो. ब्लोअर आणि तेल एकदम बंद केलं की भट्टीची धग मागे सरकून तेलनळीत शिरते आणि आत राहिलेलं तेल शिजतं. आधी बॉल व्हॉल्व्ह बंद करा, फनेल रिकामं होऊ द्या, जाळ आपोआप विझू द्या, आणि ब्लोअर अजून दहा-पंधरा मिनिटं चालवा. गार झाल्यावर नळीतून ६ मिमीची सळई एकदा आरपार घाला. ती अडखळली तर टोक तोंडापासून किती मागे आहे ते पुन्हा मोजा.